49 पैकी 41

इंजिनीअरिंगच्या प्रवेशफेऱ्यांत यंदाही चर्चा आहे ती कॉम्प्युटरच्या जागांची. मेकॅनिकल घेणाऱ्याला घरचे नोकरीचं विचारतात आणि सीनियर ‘डायनॅमिक्स ऑफ मशिनरी’चा धाक घालतात: गणितं लांबलचक, ठरावीक प्रकार घोटून जा, पेपर सुटेल. हा सल्ला धोकादायक आहे. का, ते सायबेरियातल्या एका जलविद्युत केंद्रावरून कळतं.

येनिसेई नदीवरचं सायानो-शुशेन्स्काया. प्रत्येकी 640 मेगावॉटचे दहा संच. 17 ऑगस्ट 2009 च्या सकाळी दोन नंबरच्या टर्बाइनचं झाकण उडालं, शेकडो टनांचा रोटर जागेवरून उसळला आणि पाणी मशीन हॉलमध्ये घुसलं. 75 माणसं गेली.

ही टर्बाइनं फ्रान्सिस प्रकारची. असं टर्बाइन पूर्ण भाराच्या आसपास शांत चालतं. अर्धवट भारावर मात्र रनरमधून, म्हणजे फिरत्या चाकातून, बाहेर पडणारं पाणी गिरकी घेतं, खालच्या ड्राफ्ट ट्यूबमध्ये पिळदार भोवरा तयार होतो आणि त्याच्या फिरण्याबरोबर दाब वरखाली होतो. इथलं टर्बाइन मिनिटाला सुमारे 143 फेरे घेतं. भोवरा साधारण त्याच्या पाव ते एक तृतीयांश वेगाने फिरतो. सेकंदाला 0.6 हेलकावे धरले तरी तासाला दोन हजारांवर जातात. प्रत्येक हेलकाव्याला झाकणाच्या बोल्टांवर ताण येतो आणि सुटतो. एका झटक्याला दाद न देणारं पोलाद अशा लाखो ताणांनी तडकतं; यालाच फटीग म्हणतात. म्हणूनच त्या भाराच्या पट्ट्यात संच चालवू नये, अशी सूचना होती. ग्रिडची मागणी सांभाळताना दोन नंबरचा संच नेमका त्याच पट्ट्यातून पुन्हापुन्हा जात राहिला.

चौकशीत 49 बोल्ट तपासले. 41 मध्ये फटीगच्या भेगा होत्या. अहवालानुसार टर्बाइन बेअरिंगचं कंपन एप्रिल ते ऑगस्टमध्ये सुमारे चौपट झालं होतं. अपघाताआधीचं रीडिंग 840 मायक्रॉन, मर्यादा 160. पुढे तो सेन्सरच सदोष होता, असाही युक्तिवाद झाला. मला तो युक्तिवाद बचावाचा वाटत नाही, उलट आरोप वाढवणारा वाटतो. आकड्यावर विश्वास नसेल तर आधी सेन्सर दुरुस्त करायचा, तोवर संच बंद ठेवायचा. आणि बोल्टांतल्या भेगा तर कुठल्याही सेन्सरवर अवलंबून नव्हत्या. बोल्ट काढून अल्ट्रासॉनिक तपासणी केली असती तर त्या दिसल्या असत्या.

कंपन ओळखणं घोटलेल्या गणितांतून येत नाही. आपल्या वर्गात नैसर्गिक वारंवारता स्प्रिंग आणि वस्तुमानावरून दोन ओळींत निघते. मशीनवर ती शोधावी लागते. सेन्सर बेअरिंग हाउसिंगऐवजी पत्र्याच्या कव्हरवर चिकटवला तर पत्र्याचीच थरथर मोजली जाते. कंपनाच्या आलेखात फेऱ्यांच्या वारंवारतेला शिखर आलं तर आधी असमतोल तपासायचा, दुपटीला आलं तर अलाइनमेंट. आणि दोन्ही वेळा पायाचे बोल्ट ढिले नाहीत ना, हे पाहायचं. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत हे रोज करणारी माणसं आहेत, त्यांतली कित्येक आयटीआय झालेली. कॉलेजांनी त्यांना प्रयोगशाळेत शिकवायला बोलवावं, मानधन देऊन.

माझी मागणी छोटी आहे. कॉलेजच्या आवारातल्या पाण्याच्या पंपाच्या कंपनाचं रीडिंग मुलांनी वर्षभर दर महिन्याला घ्यावं, आलेख ठेवावा. तोंडी परीक्षेत तो आलेख समोर ठेवून विचारावं, हा पंप उद्या चालू ठेवायचा की बंद करायचा? उत्तर लेखी द्यावं, खाली विद्यार्थ्याची सही असावी.