सौदा ठरला, पण खरेदीखत का अडते?

घर पसंत पडते, भाव ठरतो, दोन्हीकडची बुजुर्ग मंडळी बसून बोलणी पक्की करतात. इसाराची रक्कम दिली जाते. ‘महिन्याभरात खरेदीखत करून देतो’ असा शब्द मिळतो. मग महिन्याचे सहा महिने होतात, कधी वर्षही उलटते. इकडे भाड्याच्या घराचा करार संपत आलेला असतो, मुलांचा शाळाप्रवेश अडलेला असतो, मंजूर झालेल्या कर्जाची मुदत जवळ आलेली असते. अम्मीचे दागिने मोडून दिलेले पैसे मात्र दुसऱ्याच्या खात्यात पडून असतात.

अशा वेळी आपण तलाठ्याला, निबंधक कार्यालयाला किंवा वकिलाला दोष देतो. त्यांच्याकडेही वेळ लागतोच. पण जुने घर किंवा फ्लॅट घेताना होणाऱ्या उशिराचे मूळ अनेकदा कचेरीत नसून विकणाऱ्याच्या घरात असते. वडिलांचा इंतकाल होऊन कित्येक वर्षे झाली तरी वारसा वाटलेला नसतो. थोरला भाऊ घर सांभाळत असतो, घरपट्टी भरत असतो, म्हणून सगळे त्यालाच मालक समजतात. कायदा मात्र तसे समजत नाही. ही गाठ इसार देण्यापूर्वी ओळखली, तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

चाळीस लाखांचे घर कोणाचे?

समजा, एका गृहस्थांच्या मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. कर्ज, वसीयत काही नाही. घराची किंमत 40 लाख रुपये. शरीअतच्या हिशेबाने पत्नीचा आठवा हिस्सा, म्हणजे 5 लाख. उरलेल्या 35 लाखांत प्रत्येक मुलाचे 14 लाख आणि मुलीचे 7 लाख. हे हिस्से वडिलांच्या मृत्यूच्या क्षणीच ज्याच्या त्याच्या मालकीचे होतात. त्यासाठी सात-बारावर किंवा मिळकत पत्रिकेवर नाव चढण्याची वाट पाहावी लागत नाही.

आता थोरल्या मुलाने एकट्याने सही करून घर विकले, तर त्याने आपला 14 लाखांचाच हिस्सा विकला. उरलेल्या 26 लाखांच्या हिश्श्यावर आई, भाऊ आणि बहीण यांचा हक्क कायम राहतो. खरेदीदाराने पूर्ण 40 लाख मोजलेले असले तरी यात फरक पडत नाही. बँकेचा वकील शोध अहवाल तयार करताना नेमके हेच पाहतो आणि ‘सर्व वारसांच्या सह्या आणा’ असे सांगून फाईल परत पाठवतो. आपल्याला तो उशीर वाटतो. खरे तर तो वेळीच मिळालेला इशारा असतो.

वाटणी जितकी लांबते तितके वारस वाढतात. मधल्या काळात आईचे निधन झाले तर तिच्या 5 लाखांचे पुन्हा हिस्से पडतात. धाकटा मुलगा वारला तर त्याची बायको-मुले वारसांत येतात. दोन पिढ्या गेल्या की एका घराला पंधरा-वीस वारस होतात. त्यातला कोणी दुबईत, कोणी कल्याणला, तर कोणाशी बोलणेच बंद.

‘बहिणींनी माफ केले आहे’

हे वाक्य घर विकणाऱ्यांच्या तोंडून फार ऐकू येते. खरेदीदाराने त्यावर विसंबू नये. बहिणीला हिस्सा सोडायचाच असेल तर तिचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे, किंवा खरेदीखतात तिची सही हवी. लग्नात जहेज दिले म्हणून वारसाहक्क संपत नाही. वडील हयात असताना ‘पुढे हिस्सा मागणार नाही’ असे मुलीकडून लिहून घेतलेले असेल, तर त्या कागदाच्या भरवशावर घर घेण्यात धोका आहे. कारण वारसाहक्क निर्माणच मुळी मृत्यूनंतर होतो.

खरेदीदाराला एक सोपी अट घालता येते. प्रत्येक वारस खरेदीखतात ‘लिहून देणार’ म्हणून उभा राहील आणि ज्याच्या-त्याच्या हिश्श्याची रक्कम थेट त्याच्या खात्यात जाईल. बहिणीच्या नावाचा वेगळा धनादेश खरेदीखतात क्रमांकासह लिहिला, की पुढे कोणी ‘आम्हाला काही मिळालेच नाही’ म्हणू शकत नाही. यात खरेदीदाराचे संरक्षण आहे आणि सूरह निसामध्ये ज्यांचे हिस्से ठरवून दिले आहेत त्यांचा हक्कही पोहोचतो. कोणा बहिणीचा दबलेला हक्क आपल्या नव्या घराच्या भिंतीत राहू नये, असे कोणाला वाटणार नाही?

उशीर लावणाऱ्या पाच गाठी

पहिली गाठ वारस नोंदीची. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला द्यायची असते. त्यानंतर फेरफार नोंद होते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस दिले जातात आणि मग नोंद मंजूर होते. हरकत आली तर प्रकरण सुनावणीला जाते. विकणाऱ्याने हे काम वर्षानुवर्षे केलेले नसेल तर तो वेळ आपल्या सौद्यातून जातो. लक्षात ठेवावे की फेरफार ही महसुली नोंद आहे. तिच्यात बहिणीचे नाव नसले म्हणून तिचा हक्क जात नाही. फ्लॅटच्या बाबतीतही तेच. सोसायटीच्या दप्तरी एका मुलाचे नाव नॉमिनी म्हणून असले, तरी नॉमिनी म्हणजे एकटा मालक नव्हे.

दुसरी गाठ अज्ञान वारसाची. ही सर्वांत जास्त वेळ घेते. मुस्लिम कायद्यात अज्ञान मुलाच्या मालमत्तेचे पालकत्व वडिलांकडे, आजोबांकडे किंवा त्यांनी वसीयतीने नेमलेल्या व्यक्तीकडे असते. आई मुलांना सांभाळते, पण तिला मुलांच्या हिश्श्याची जमीन किंवा घर विकण्याचा अधिकार नसतो. प्रिव्ही कौन्सिलने 1918 साली आणि सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली हेच सांगितले आहे. चाचांनी किंवा मामूंनी सही केली तरी उपयोग नाही. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो आणि विक्रीसाठी न्यायालयाची वेगळी परवानगी लागते. विकणाऱ्यांत यतीम मुले असतील तर ही परवानगी हातात आल्यावरच मोठी रक्कम द्यावी.

तिसरी गाठ परदेशातल्या भावाची. कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून पाठवावे लागते. ते राज्यात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचे असते. मजकुरात मिळकतीचे पूर्ण वर्णन, विकण्याचा आणि नोंदणी करून देण्याचा अधिकार स्पष्ट हवा. एक शब्द कमी पडला तर कागद पुन्हा परदेशात जातो. म्हणून मसुदा आधी आपल्या वकिलाला दाखवून मगच सहीला पाठवावा. मुखत्यारपत्र देणाऱ्याचे निधन झाले तर अधिकार साधारणपणे तिथेच संपतो. आणि नुसत्या मुखत्यारपत्रावर ‘घर तुमचे’ असे कोणी सांगत असेल तर सावध राहावे. अशा कागदाने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे.

चौथी गाठ तोंडी हिब्याची. ‘अब्बांनी हे घर मला हिबा केले होते’ असे विकणारा सांगतो. देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा देणे या तीन गोष्टी पूर्ण झाल्या असतील तर हिबा तोंडीही वैध असतो, नोंदणी सक्तीची नाही. अडचण पुराव्याची असते. अब्बा शेवटपर्यंत त्याच घरात राहिले, घरपट्टी त्यांच्याच नावे राहिली, तर इतर वारस ‘ताबा दिलाच नाही’ म्हणू शकतात. उपाय एकच. बाकीच्या वारसांना खरेदीखतात ‘मान्यता देणार’ म्हणून सह्या करायला सांगावे. वसीयत दाखवली तरी हीच काळजी घ्यावी. वसीयत एक तृतीयांशापुरतीच चालते, आणि एका वारसाच्या नावे केलेली वसीयत इतर वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही.

पाचवी गाठ वक्फ जमिनीची. मशीद, दर्गा किंवा कब्रस्तान यांच्या इनाम जमिनीवर उभी राहिलेली घरे अनेक गावांत आहेत. वक्फ मिळकतीची विक्री मुळातूनच रद्दबातल ठरते. जुने उतारे पाहावेत आणि शंका असेल तर वक्फ मंडळाच्या नोंदींत खात्री करावी. या एका बाबतीत थांबून उपयोग होत नाही, सौदा सोडणेच शहाणपणाचे.

इसार देताना काय लिहून घ्यावे?

आपल्याकडे ओळखीच्या माणसाकडून कागद मागायचा संकोच वाटतो. ‘भाईजान, आपल्यात कागद कशाला?’ असे म्हटले की आपण गप्प बसतो. मुदतीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवावा आणि साक्षीदार करावेत, ही शिकवण सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे.

इसार लहान ठेवावा आणि मोठी रक्कम नोंदणीकृत साठेखतावरच द्यावी. साठेखत नोंदवले की ते सूची क्रमांक दोनमध्ये दिसते आणि तेच घर गुपचूप दुसऱ्याला विकणे अवघड होते. त्यावर भरलेले मुद्रांक शुल्क पुढे खरेदीखताच्या वेळी वजा धरले जाते. साठेखतात या गोष्टी स्पष्ट असाव्यात:

- सर्व वारसांची नावे, वये आणि प्रत्येकाचा हिस्सा.
- वारस नोंद, हक्कसोडपत्र, सोसायटीचा दाखला, जुन्या कर्जाचा बोजा उतरवणे यांपैकी कोणते काम कोणी, कोणत्या तारखेपर्यंत करायचे.
- रकमेचे हप्ते तारखेवर न ठेवता काम पूर्ण होण्यावर. वारस नोंद मंजूर झाली की एक हप्ता, खरेदीखताच्या दिवशी शेवटचा.
- मुदतीत काम न झाल्यास रक्कम किती दिवसांत परत मिळेल, आणि तोपर्यंतच्या आपल्या भाड्याची भरपाई कोण देईल.

त्याआधी तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा, विकणाऱ्याच्या नावाने न्यायालयात दावा चालू आहे का ते ई-कोर्ट्सवर पाहावे आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी. वारस ज्या गावांत राहतात तिथे वाचले जाणारे वर्तमानपत्र निवडले तर नोटिशीचा खरा उपयोग होतो.

नवा फ्लॅट बांधकाम व्यावसायिकाकडून घेत असाल तर रेरा कायद्याचा आधार आहे. करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ठरलेल्या तारखेला ताबा मिळाला नाही तर व्याजासह रक्कम परत मागता येते, किंवा फ्लॅट ठेवून ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मागता येते. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची पूर्णत्वाची तारीख आधीच पाहून घ्यावी.

मुदत उलटली तर

फोनवर वाद घालण्याऐवजी लेखी पत्र पाठवावे. आपण उरलेली रक्कम देऊन खरेदीखत करायला तयार आहोत, असे त्यात ठळक लिहावे. पुढे न्यायालयात जावे लागलेच, तर आपण सतत तयार होतो हे खरेदीदाराला दाखवावे लागते. पत्रांच्या पोच, बँकेचे खातेउतारे, कर्ज मंजुरीचे पत्र जपून ठेवावे. करारात ठरलेल्या तारखेपासून दावा करण्याची मुदत तीन वर्षे आहे. ‘आज करू, उद्या करू’ ऐकण्यात ती संपू देऊ नये. खरेदीखतावर सह्या झाल्या असतील तर ते चार महिन्यांत नोंदणीला सादर करावे लागते. त्यानंतर दंड भरून आणखी चार महिनेच मिळतात.

शेवटी एक विनंती खरेदीदारांना नाही, तर ज्यांच्याकडे वडिलोपार्जित घर आहे त्यांना. अब्बांचा इंतकाल झाला असेल तर चाळिसाव्यापर्यंतही थांबू नका. भावंडे एकत्र आहेत तोवर हिस्से लिहून काढा, अम्मीचे आणि बहिणींचे नाव दप्तरी लावून घ्या. घर विकायचे नसले तरी हे करा. उद्या आपली मुले ते विकायला निघतील, तेव्हा समोरच्या कुटुंबाला भाड्याच्या घरात ताटकळत बसावे लागणार नाही.