लोखंडी हाताचा उमराव : ग्योत्स फॉन बेर्लिखिंगन

१५०४ च्या उन्हाळ्यात बव्हेरियाच्या विटेल्सबाख घराण्यातली भाऊबंदकी वारसायुद्धापर्यंत पोचली होती. लांड्सहूट शहरासमोरच्या चकमकीत तोफेचा एक गोळा तेवीस-चोवीस वर्षांच्या एका घोडेस्वाराच्या तलवारीच्या मुठीवर आदळला. मूठ दुभंगली, तिचं लोखंड मनगटात घुसलं आणि त्याचा उजवा हात गेला. तोफ न्युरेंबर्गकरांची होती, म्हणजे त्याच्याच पक्षाची. अंथरुणाला खिळलेल्या त्या तरुणाने देवाकडे मरण मागितलं. मग त्याला एकाच हाताने लढणारा एक जुना योद्धा आठवला आणि त्याने जगायचं ठरवलं. हा ग्योत्स फॉन बेर्लिखिंगन त्यानंतर अठ्ठावन्न वर्षं जगला.

त्याच्या नावावर सांगितले जाणारे दोन लोखंडी हात याग्स्ट नदीकाठच्या यागस्टहाउझेनच्या गढीत आजही पाहायला मिळतात. दुसऱ्या हाताची रचना थक्क करणारी आहे. प्रत्येक बोटाला सांधे आहेत. धडधाकट हाताने बोटं दाबली की आतल्या दातेरी पट्ट्या त्यांना हव्या त्या वळणावर अडकवून धरतात आणि कळ दाबली की स्प्रिंगच्या जोरावर बोटं पुन्हा उघडतात. घोड्याचा लगाम धरायला एवढं पुरेसं होतं. हे यंत्र घडवणाऱ्या कारागिराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

वैराचा व्यवसाय

ग्योत्सचा वर्ग तेव्हा सर्व बाजूंनी कोंडीत सापडला होता. भाल्यांनी लढणारं पायदळ आणि तोफा यांमुळे चिलखती स्वारांची मातब्बरी ओसरली होती. शहरं श्रीमंत होत होती आणि मोठे राजे-सरदार आपल्या मुलखात स्वतःचे कायदे लागू करत होते. छोट्या उमरावाकडे जुना हक्क उरला होता तो वैर पुकारण्याचा : रीतसर पत्र धाडायचं आणि मग समोरच्याचे व्यापारी पकडून, माल लुटून खंडणी घ्यायची. १४९५ मध्ये वर्म्सच्या राजसभेने हा हक्कच रद्द केला. म्हणजे ग्योत्सची बहुतेक कारकीर्द कायद्याच्या पलीकडे घडली.

स्टुटगार्टच्या एका शिंप्याने नेमबाजीत जिंकलेलं शंभर गिल्डरचं बक्षीस कोलोन शहराने दिलं नाही, म्हणून ग्योत्सने त्याच्या वतीने कोलोनशी वैर धरलं. या कथेत गरिबाचा कैवार दिसतो, तशी कमाईची संधीही दिसते. १५१२ मध्ये त्याने लाइपत्सिगच्या जत्रेहून परतणाऱ्या न्युरेंबर्गच्या व्यापाऱ्यांना फोर्खहाइमजवळ लुटलं. सम्राट माक्सिमिलियनने त्याला बहिष्कृत केलं. सुटका झाली ती १५१४ मध्ये, चौदा हजार गिल्डर मोजायचं कबूल केल्यावर. मग माइन्त्सशी वैर आलं, वाल्डेकच्या काउंटचं अपहरण आलं आणि १५१८ मध्ये दुसरा बहिष्कार आला. पुढच्याच वर्षी व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकच्या बाजूने लढताना तो पकडला गेला. हाइलब्रोनमधली त्याची कैद १५२२ पर्यंत चालली.

शेतकऱ्यांचं बंड

१५२५ चं शेतकरी बंड ही त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी कसोटी. ओडेनवाल्डच्या बंडखोरांनी त्याला सेनापती केलं. आपल्यावर बळजबरी झाली, हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं. ते पुष्कळसं खरंही असावं, कारण काही दिवसांपूर्वीच वाइन्सबर्गला बंडखोरांनी काउंट हेल्फनस्टाइनला भाल्यांच्या रांगांमधून पळवत ठार केलं होतं. पण सुमारे महिनाभराने ग्योत्स त्यांना सोडून गेला. २ जूनला क्योनिग्सहोफेनला त्या शेतकऱ्यांची कत्तल झाली, तेव्हा तो तिथे नव्हता. संपूर्ण बंडातल्या मृतांचा अंदाज एक लाखाच्या आसपास केला जातो. ग्योत्सची चौकशी झाली आणि १५२६ मध्ये तो निर्दोष ठरला. तरी शहरं आणि राजे-सरदार यांच्या स्वाबियन संघाने त्याला १५२८ ते १५३० पर्यंत आउग्सबुर्गमध्ये कैदेत ठेवलं आणि त्यानंतर हॉर्नबर्गच्या गढीबाहेर न जाण्याची शपथ घ्यायला लावली. १५४० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने त्याला मोकळं केलं. १५४२ मध्ये हंगेरीत तुर्कांविरुद्ध आणि १५४४ मध्ये फ्रान्समध्ये लढून तो परतला. २३ जुलै १५६२ ला हॉर्नबर्गलाच वारला.

कीर्ती कुणी घडवली?

पहिला शिल्पकार तो स्वतः. म्हातारपणी त्याने आपली जीवनकथा लेखनिकाला सांगून लिहवून घेतली. ती पानोपानी स्वतःची बाजू मांडते, विशेषतः १५२५ विषयी. ही कथा १७३१ मध्ये न्युरेंबर्गला छापली गेली, ज्या शहराच्या व्यापाऱ्यांना त्याने लुटलं होतं तिथेच. ती तरुण गटेच्या हाती पडली. शाकुंतलावर मुग्ध झालेला म्हणून आपण ज्याला ओळखतो, तोच हा कवी. १७७३ च्या त्याच्या नाटकाने ग्योत्सला स्वातंत्र्यासाठी झुंजणारा शेवटचा सरळमनाचा वीर केलं. नाटकातला ग्योत्स कैदेत मरतो, खरा ग्योत्स ऐंशी ओलांडून आपल्या गढीत मेला. वॉल्टर स्कॉटने १७९९ मध्ये या नाटकाचं इंग्रजी भाषांतर केलं. नाटकात ग्योत्सच्या तोंडी असलेली शिवी जर्मन बोलीत आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. १९४३ मध्ये नाझींच्या वाफेन-एसएसने एका डिव्हिजनला त्याचं नाव दिलं आणि लोखंडी हात तिची खूण केली. १९५१ मध्ये सार्त्रने आपल्या नाटकाचा नायक त्याच्यावरून घडवला. यागस्टहाउझेनच्या गढीत उन्हाळी नाट्यमहोत्सव आजही भरतो.

गटेचं नाटक थोर आहे आणि हात गमावल्यावर पुन्हा घोड्यावर बसणाऱ्या त्या तरुणाच्या जिद्दीपुढे मी मनापासून नतमस्तक होतो. पण स्वातंत्र्याचा वीर हा किताब मला त्याला द्यावासा वाटत नाही. तो ज्या स्वातंत्र्यासाठी लढला ते एका वर्गाच्या लुटीच्या हक्काचं होतं. त्याच १५२५ मध्ये मेमिंगेनला जमलेल्या शेतकऱ्यांनी बारा कलमं मांडली. आम्ही कुणाचे गुलाम नाही, रानातलं लाकूड आणि नदीतले मासे सर्वांचे आहेत, आमचा धर्मगुरू आम्ही निवडू, असं त्यांचं म्हणणं होतं. सर्वांच्या स्वातंत्र्याची मागणी तिथे होती. ग्योत्सला लिहून घेणारा भेटला आणि दोनशे वर्षांनी नाटककार भेटला. क्योनिग्सहोफेनला पडलेल्यांना आपली बाजू सांगायला म्हातारपणच मिळालं नाही. म्हणून ग्योत्सचं आत्मचरित्र जरूर वाचावं, आणि त्याच्याशेजारी ती बारा कलमंही उघडून ठेवावीत.