न फुंकतां फुप्फुसांची परीक्षा

दम्याची शंका असलेलें चार वर्षांचें मूल डॉक्टरांपुढें बसवावें, तोंडांत नळी द्यावी आणि छाती भरून घेऊन सारा जोर लावून फुंकण्यास सांगावें. मूल नळी चावतें, हसतें किंवा रडूं लागतें. आणि ज्या आंकड्यावर औषध ठरावयाचें, तो आंकडाच हातीं लागत नाहीं. ही अडचण जुनी आहे. इंग्रज शस्त्रवैद्य जॉन हचिन्सन यानें १८४६ सालीं आपल्या श्वासमापकाची माहिती प्रसिद्ध केली. पाण्यांत पालथें घातलेलें भांडें उच्छ्वासानें किती वर उचललें जातें, त्यावरून फुप्फुसांतून जास्तींत जास्त किती हवा बाहेर पडूं शकते तें मोजावयाचें. त्या यंत्राचे वंशज आजही प्रमाण मानले जातात. परंतु त्यांचा सारा हिशेब रोग्याच्या जोरावर व समजुतीवर अवलंबून असतो. लहान मुलांनीं आणि थकलेल्या वृद्धांनीं काय करावें?

त्यांच्यासाठीं निराळीं यंत्रें निघालीं आहेत. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य एका श्वासांत सुमारें अर्धा लिटर हवा घेतो. तेवढ्या सहज श्वासावरच हीं यंत्रें आपलें काम करतात.

पहिली युक्ति झडपेची. श्वास चालू असतां नळींतील झडप सुमारें एक दशांश सेकंद मिटते. तेवढ्यांत तोंडांतील दाब फुप्फुसांच्या आंतील दाबाशीं जुळतो असें गृहीत धरून, त्या दाबास हवेच्या प्रवाहानें भागलें कीं वायुमार्गांतील रोध निघतो. यंत्र सुटसुटीत खरें; पण रोग तीव्र असला तर इतक्या अल्प वेळांत दाब पुरता जुळत नाहीं, आणि रोध असतो त्याहून कमी दिसतो. म्हणजे जेथें धोका अधिक, तेथेंच यंत्र खोटा धीर देतें!

दुसरी युक्ति कंपनाची. अमेरिकेंतील आर्थर ड्युबॉइस व त्याचे सहकारी यांनीं १९५६ सालीं तिचें वर्णन केलें. रोगी शांतपणें श्वास घेत असतां यंत्र नळींतून हवेच्या सूक्ष्म लहरी सोडतें आणि त्यांना मिळणारा प्रतिसाद टिपतें. दर सेकंदास ५ आंदोलनांची मंद लहर दूरच्या बारीक शाखांपर्यंत पोंचते. २० आंदोलनांची लहर बहुतांशीं मोठ्या नळ्यांचीच वार्ता आणते. प्रौढ रोग्यांत पहिलीस रोध पुष्कळ व दुसरीस बेताचा आढळला, तर दोष बारीक शाखांत असावा असा तर्क करतां येतो.

या कंपनयंत्रांतही दोन प्रकार आहेत. एक हवेचे क्षणिक ठोके देतें व त्यांतील अनेक लहरी गणितानें वेगळ्या काढतें. दुसरें निवडक लहरी अखंड चालू ठेवतें. दोन्ही एकच गोष्ट मोजतात, तरी एकाच मनुष्याचे आंकडे दोहोंवर तंतोतंत जुळत नाहींत. रोध अधिक असतां तफावत विशेष जाणवते. म्हणून जूनमध्यें एका यंत्रावर व डिसेंबरमध्यें दुसऱ्यावर परीक्षा झाली, तर आंकडा उतरला तो औषधानें कीं यंत्र बदलल्यानें, हें कोण सांगणार? रोग्याच्या कागदावर आंकड्याशेजारीं यंत्राचें नांव हवें, आणि पुढील परीक्षा शक्यतों त्याच यंत्रावर व्हावी.

युरोपीय श्वसन संस्थेच्या तज्ज्ञांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमांप्रमाणें निदान तीन निर्दोष मापनें घ्यावयाचीं असतात, आणि त्यांतील चढउतार प्रौढांत शेंकडा १० व मुलांत शेंकडा १५ पर्यंतच चालतो. नाकास चिमटा लावावा व गाल हातांनीं धरावे. सैल गाल स्वतःच थरथरून मापन बिघडवितात.

यामुळें फुंकण्याची परीक्षा निकालांत निघाली असें नव्हे. छातींत हवा किती मावते, हें कंपनयंत्र सांगत नाहीं. परंतु ज्या मुलास फुंकतां येत नाहीं, त्यानें गालांवर आईचे तळहात घेऊन अर्धा मिनिट स्वस्थ श्वास घेतला, तरी डॉक्टरांस अंदाजाऐवजीं आधार मिळतो.