चेंडू धरायचा नाही, सबब सांगायची नाही

२३ ऑक्टोबर १९६४. टोकियोत जपानच्या मुलींना ऑलिंपिक सुवर्णासाठी एकच गुण हवा होता आणि तोच काही केल्या मिळत नव्हता. पहिले दोन सेट १५-११, १५-८ असे खिशात होते, तिसऱ्यात १४ गुण झाले होते. पण त्या काळी सर्व्हिस आपली असेल तरच गुण मिळायचा. समोरच्यांच्या सर्व्हिसवर रॅली जिंकली तर हाती यायची नुसती सर्व्हिस. सोव्हिएत संघाने चिवटपणे एकेक गुण जोडत १३ पर्यंत मजल मारली. अखेर त्यांच्या एका खेळाडूचा हात जाळीपलीकडे गेला, शिट्टी वाजली आणि सामना संपला. टोकियो परिसरात त्या संध्याकाळी हा सामना ६६.८ टक्के घरांत लागलेला होता.

व्हॉलीबॉल ऑलिंपिकमध्ये आला तो याच स्पर्धेत. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत त्याला साठ वर्षे झाली. या साठ वर्षांकडे पाहिले की एक गंमत लक्षात येते. खेळ उंचांचा, पण तो पुढे नेला तो बहुतेकदा कशात तरी कमी पडणाऱ्यांनी.

मुळात हा खेळच कमी दमाच्या माणसांसाठी काढलेला. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या होल्योक गावी विल्यम मॉर्गन या वायएमसीएच्या व्यायामशिक्षकाला मध्यमवयीन सभासदांसाठी बास्केटबॉलपेक्षा सौम्य असे काही हवे होते. त्याने साडेसहा फुटांवर जाळी बांधली. आज पुरुषांची जाळी २.४३ मीटरवर असते, महिलांची २.२४ वर. चेंडू धरायचा नाही, तीन स्पर्शांत पलीकडे धाडायचा आणि एकाने सलग दोनदा हात लावायचा नाही, एवढ्यावर आजचा खेळ उभा आहे. त्यामुळे इथे एकट्याच्या जोरावर काही होत नाही. कितीही जबरदस्त स्मॅशर असो, चेंडू आधी कोणीतरी उचलावा लागतो आणि मग कोणीतरी तो मारण्याजोगा वर उडवून लिफ्ट द्यावी लागते.

जपानी मुलींकडे उंची नव्हती. संघातल्या बहुतेक जणी ओसाकाजवळच्या कैझुका इथल्या कापडगिरणीच्या. दिवसा नोकरी, मग मध्यरात्रीपर्यंत सराव. प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु यांनी त्यांना एक नवीच गोष्ट शिकवली. चेंडूखाली झेप घ्यायची, तो उडवायचा, खांद्यावरून कोलांटी घ्यायची आणि त्याच झोकात पुन्हा पायांवर उभे राहायचे. पडणे हाच उठण्याचा अर्धा भाग झाला. १९६१ च्या युरोप दौऱ्यात २२ सामने जिंकल्यावर सोव्हिएत वृत्तपत्रांनी त्यांना ‘पूर्वेच्या चेटकिणी’ म्हटले. पुढच्याच वर्षी मॉस्कोत जाऊन त्यांनी विश्वविजेतेपद आणले. दाइमात्सुंची शिस्त क्रूर होती, ही टीका तेव्हाही झाली आणि ती खोटी नव्हती.

जपानच्या पुरुषांनी उंचीवर उतारा शोधला तो वेळेत. यासुताका मात्सुदाइरा यांच्या संघात एक जण चेंडू मारण्याचा आव आणून उडी घ्यायचा, समोरचे ब्लॉकर त्याच्याबरोबर हवेत जायचे आणि ते खाली येत असताना दुसराच फटका मारायचा. १९७२ मध्ये म्युनिकच्या उपांत्य सामन्यात बल्गेरियाविरुद्ध दोन सेट गमावूनही हा संघ ३-२ ने जिंकला आणि पुढे सुवर्ण घेऊन गेला.

१९८४ मध्ये अमेरिकेने आणखी एक घडी मोडली. सर्व्हिस घ्यायला सगळ्यांनी पसरून उभे राहण्याऐवजी कार्च किराय आणि आल्डिस बेर्झिन्श या दोघांवरच ते काम सोपवले. बाकीचे हल्ल्याला मोकळे. लॉस एंजेलिसचे सुवर्ण सोव्हिएत बहिष्कारामुळे स्वस्तात मिळाले, असे म्हणणाऱ्यांना १९८८ मध्ये सेऊलच्या अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाला हरवून अमेरिकेने उत्तर दिले. महिलांमध्ये ऐंशीच्या दशकात लांग पिंग या खेळाडूच्या चीनचा दबदबा होता. त्यानंतर क्युबाने १९९२, १९९६ आणि २००० अशी सलग तीन सुवर्णे नेली.

नव्वदीच्या अखेरीस नियमच बदलले. प्रत्येक रॅलीला गुण, २५ गुणांचा सेट, निर्णायक पाचवा सेट १५ चा. टीव्हीला सामना किती चालणार याचा अंदाज येऊ लागला. पण गुण न मिळताही चाललेली ती जीवघेणी झुंज गेली. त्याच सुमारास आला लिबरो. वेगळ्या रंगाची जर्सी, सर्व्हिस नाही, ब्लॉक नाही, काम फक्त चेंडू उचलण्याचे. कैझुकाच्या कोलांटीला नियमपुस्तकात हक्काची जागा मिळाली, असेच म्हणायला हवे.

भारताने १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत रौप्य आणि १९८६ मध्ये सेऊलला कांस्य मिळवले. त्या कांस्यविजेत्या संघातला केरळचा जिमी जॉर्ज इटलीतल्या क्लबांकडून खेळायचा. १९८७ मध्ये तिथेच अपघातात गेला. त्या कांस्यानंतर आशियाई स्पर्धेत पदक नाही. २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला ३-२ ने हरवून भारतीय पुरुष सहावे आले, तेव्हा जुन्या प्रेक्षकांना पुन्हा हुरूप आला. आपल्याकडे गावोगावी संध्याकाळी जाळी लागते, शूटिंग व्हॉलीबॉलचे सामने रंगतात. पण आंतरराष्ट्रीय अपयशाचा विषय निघाला की पहिले वाक्य ठरलेले असते, ‘आपल्याकडे उंची नाही.’

इटलीचे प्रशिक्षक हुलिओ वेलास्को यांचे आयुष्यभर वैर आहे तो असल्या वाक्याशी. मारणारा लिफ्टला नावे ठेवतो, लिफ्ट देणारा पासला, पास देणारा डोळ्यांवर येणाऱ्या दिव्यांना. शेवटी दोष जातो वायरमनवर, असे ते सांगत. लिफ्ट वाईट आली तर तिच्यावर बोलू नका, तिच्यातून वाट काढा, हे त्यांचे सांगणे. १९९६ मध्ये अटलांटात त्यांचा जगज्जेता पुरुष संघ नेदरलँड्सकडून पाचव्या सेटमध्ये १५-१७ असा हरला. दोन गुणांसाठी सुवर्ण गेले. २०२४ मध्ये, ७२ व्या वर्षी, ते इटलीच्या महिलांना घेऊन पॅरिसला आले आणि अंतिम सामन्यात अमेरिकेला ३-० ने हरवून सुवर्ण घेऊन परतले. मधल्या २८ वर्षांत त्या दोन गुणांसाठी वायरमन शोधत ते बसले नव्हते.