चार पंजांचा आधार

मोटारीचे इंजिन कितीही दांडगे असले तरी तिचा जमिनीशी संबंध येतो तो केवळ चार ठिकाणी, आणि त्यांतली प्रत्येक जागा माणसाच्या पसरलेल्या पंजाहून फारशी मोठी नसते. हिशेब सोपा आहे: गाडीचे वजन १३०० किलो धरले तर प्रत्येक चाकावर सव्वातीनशे किलो भार येतो, आणि टायरमधील हवेचा दाब ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो असेल, तर तो भार पेलण्यासाठी सुमारे १४५ चौरस सेंटिमीटर रबर जमिनीला टेकावे लागते. टायर रुंद घेतला म्हणून हे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही, बदलतो तो त्याचा आकार. अरुंद टायरचा ठसा लांबट असतो, तर रुंद टायरचा आडवा आणि आखूड. वेग घेणे, वळणे आणि थांबणे ही तिन्ही कामे याच चार ठशांवर होतात, म्हणूनच ताकदवान गाडीच्या मालकाने टायरसाठी किती पैसे मोजावेत आणि कोठे हात आखडावा, हा प्रश्न वरवर बाजारहाटाचा वाटला तरी मुळात पदार्थविज्ञानाचा आहे.

पुण्यात हा प्रश्न आता मूठभर हौशी मंडळींपुरता राहिलेला नाही. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला आणि २०२२ पासून तेथून स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस या गाड्या बाहेर पडू लागल्या. त्यांच्यातील दीड लिटरचे टर्बो इंजिन १५० अश्वशक्ती आणि २५० न्यूटन-मीटर इतका पीळ देते, आणि ती सगळी ताकद पुढच्या दोन चाकांवर जाते. मर्सिडीजच्या एएमजी मालिकेतील काही गाड्याही चाकणलाच जुळवल्या जातात. अशी गाडी रोज कोथरूडहून हिंजवडीला जाते, सिग्नलमागून सिग्नल आणि गतिरोधकामागून गतिरोधक ओलांडते, आणि महिन्यातून एखाद्या वेळी तिला द्रुतगती मार्ग किंवा ताम्हिणी घाट दिसतो. कारखान्यातून आलेले टायर चाळीस-पन्नास हजार किलोमीटरमध्ये संपले की तसेच पुन्हा घ्यावेत की खिशाला परवडणारे दुसरे शोधावेत, हा विचार त्या वेळी सुरू होतो.

स्वस्त टायरकडे वळताना पहिली भीती वाटते ती वेगाची, आणि तीच सर्वांत निराधार आहे. टायरच्या भिंतीवर मापाच्या शेवटी एक अंक आणि एक अक्षर असते. उदाहरणार्थ ‘२०५/५५ आर १६ ९१ व्ही’ या मजकुरात २०५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ५५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, आर म्हणजे रेडियल बांधणी, १६ हा रिमचा इंचांतील व्यास, ९१ हा एका टायरने ६१५ किलो भार पेलण्याचा संकेतांक आणि व्ही हे ताशी २४० किलोमीटर वेगमर्यादेचे अक्षर असते. एच म्हणजे २१०, डब्ल्यू म्हणजे २७०, वाय म्हणजे ३००. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींची कायदेशीर मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे, तेव्हा डब्ल्यू आणि वाय यांच्यातील फरकासाठी पैसे मोजणे म्हणजे विहिरीवर आंघोळ करण्यासाठी जहाज विकत घेणे होय. मात्र दाराच्या खांबावरील पट्टीवर कंपनीने जे अक्षर आणि जो भारांक दिला आहे त्याच्या खाली उतरू नये, कारण हे अक्षर उष्णता सोसण्याच्या आणि बांधणीच्या ताकदीचेही माप असते, आणि मे महिन्यातील दुपारी पाच माणसे व सामान भरून निघालेल्या गाडीला त्याचीच गरज पडते.

खरी कसोटी पावसात आहे. पुणे शहरात वर्षभरात सुमारे ७२० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तासाभराच्या अंतरावरील लोणावळ्यात तो चार हजारांच्या वर जातो. म्हणजे एकाच सकाळी एकच गाडी कोरड्या डांबरावरून निघून पाण्याखालच्या काँक्रीटवर पोहोचते. अशा ठिकाणी रबर रस्त्याला धरते कसे, हे समजले की टायरच्या किमतीतील बराचसा फरक उलगडतो. रबर काही रस्त्याला चिकटून बसत नाही. कोरड्या पृष्ठभागावर रेणूंमधील आकर्षणाचा थोडा हातभार असतो, पण ओल्या रस्त्यावर पाण्याचा पातळ थर त्या आकर्षणाच्या आड येतो आणि मग उरते ते रबराचे दबणे आणि सावकाश पूर्ववत होणे. खडीचे बारीक कोपरे घसरत्या रबरात सेकंदाला हजारो वेळा रुततात, रबर प्रत्येक वेळी दबते, पण परत येताना घेतलेली सगळी ऊर्जा परत देत नाही, तिचा काही भाग उष्णता होऊन जातो. या ऊर्जाक्षयाला हिस्टेरेसिस म्हणतात, आणि गाडी थांबते ती बहुतांशी त्याच्या जोरावर.

अडचण अशी की, हाच ऊर्जाक्षय गाडी नुसती सरळ चालत असतानाही होतो, आणि तेव्हा तो इंधन खातो. ताशी १०० किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला सुमारे १४ वेळा फिरते, म्हणजे टायरचा प्रत्येक तुकडा सेकंदाला १४ वेळा चपटा होऊन पुन्हा गोल होतो. रबराने सेकंदाला हजारो वेळच्या दाबात ऊर्जा भरपूर उधळावी, पण सेकंदाला १४ वेळच्या दाबात ती राखावी, अशी ही परस्परविरोधी मागणी आहे. प्रयोगशाळेत तिची पारख तापमानाच्या आडून होते, कारण वेगाने दाबलेले रबर थंड रबरासारखे वागते; म्हणून शून्य अंशाजवळचा ऊर्जाक्षय ओल्या रस्त्यावरील पकड सांगतो आणि ६० अंशांजवळचा इंधनाचा खर्च. रबरात पूर्वापार मिसळली जाणारी काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, दोन्हीकडे सारखीच उधळी होती. मिशेलिन कंपनीने १९९२ मध्ये तिच्या जागी बऱ्याच अंशी सिलिका, म्हणजे वाळूच्या कुळातीलच अतिसूक्ष्म भुकटी, वापरणारे टायर बाजारात आणले, तेव्हा ही कोंडी बरीच सुटली. सिलिका रबरात सहजी मिसळत नाही, तिला रबराशी बांधण्यासाठी सिलेन हे महाग जोडरसायन लागते आणि मिश्रण करताना तापमान काटेकोर सांभाळावे लागते. अतिस्वस्त टायरमध्ये काटकसर होते ती डोळ्यांना दिसणाऱ्या नक्षीत नव्हे, तर बहुधा या मिश्रणात.

या काटकसरीची किंमत मीटरमध्ये मोजता येते. ओल्या रस्त्यावर एका टायरचा घर्षणांक ०.७ आणि दुसऱ्याचा ०.५ मानला, तर ताशी १०० वरून पहिली गाडी ५६ मीटरमध्ये थांबते आणि दुसरीला ७९ मीटर लागतात. पहिली गाडी ज्या जागी उभी राहिली, त्या जागेवरून दुसरी गाडी ताशी सुमारे ५३ किलोमीटर वेगाने पुढे जाते.

पाणी जास्त साचले तर घर्षणांकाची चर्चाही संपते, कारण रबर पाण्यावर तरंगू लागते. याला जलतरंगण किंवा हायड्रोप्लेनिंग म्हणतात. नासाच्या लँग्ली केंद्रातील वॉल्टर हॉर्न आणि सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात विमानांच्या चाकांसाठी त्याचे एक ढोबळ सूत्र दिले: हवेच्या दाबाचे वर्गमूळ काढून त्याला १०.३५ ने गुणले की तरंगण्याचा वेग ताशी मैलांत मिळतो. ३२ पीएसआय दाबाला हा वेग ताशी ९४ किलोमीटर येतो आणि हवा उतरून २८ झाली तर ८८. सूत्र गुळगुळीत टायरसाठी, किंवा नक्षीत मावणार नाही इतक्या खोल पाण्यासाठी आहे. पण ‘गोटा’ झालेला टायर म्हणजे गुळगुळीत टायरच, आणि द्रुतगती मार्गाची वेगमर्यादा या आकड्याच्या वरच आहे. खाचांमध्ये ठिकठिकाणी १.६ मिलिमीटर उंचीचे आडवे उंचवटे असतात. भिंतीवरचा बारीक त्रिकोण त्यांची जागा दाखवतो आणि नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायरचे आयुष्य संपते. नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर असते आणि ती खोली पावसातच कामी येते, हे ध्यानात घेता पुण्यात टायर बदलण्याचा योग्य महिना मे हाच ठरतो. तीन मिलिमीटर उरलेला टायर दिवाळीपर्यंत ओढता येईलही, पण मृग लागण्याआधी तो उतरवलेला बरा.

मग दुकानात पारख कशी करावी? भिंतीवरील ‘ट्रेडवेअर’ हा अमेरिकी आकडा झिजेचा असतो; १०० आकड्याच्या प्रमाण टायरशी तुलना करून कंपनीच तो जाहीर करते, म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरांत तो उपयोगी पडतो, दोन कंपन्यांत फारसा नाही. २०० च्या आसपासचा टायर मऊ, शर्यतीकडे झुकलेला आणि लवकर संपणारा असतो, तर ४०० च्या आसपासचा रोजच्या वापराला पुरतो. त्याच्या शेजारचे ‘ट्रॅक्शन’चे अक्षर ओल्या रस्त्यावरील पकडीचे असले तरी त्याची चाचणी चाक पूर्ण अडकवून सरळ रेषेत होते, वळणाबद्दल ते काहीच सांगत नाही. भारतात ओल्या रस्त्यावरील पकड, घरंगळण्याचा रोध आणि आवाज यांच्या किमान अटी ‘एआयएस १४२’ या मानकात आहेत, आणि केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये त्या लागू करण्याची अधिसूचना काढली. हे मानक प्रसिद्ध करणारी संस्था म्हणजे जिच्या नावाने पुणेकर सकाळी टेकडी चढतात ती एआरएआय, पण टेकडीवर जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना आपल्या टायरचा तिच्याशी असलेला संबंध ठाऊक असतो. बर्फासाठी असलेल्या ‘एम+एस’ खुणेला पुण्यात काही अर्थ नाही. उन्हाळी टायर सात अंशांखाली कडक होऊ लागतात आणि तेवढी थंडी येथे क्वचित एखाद्या पहाटे पडते.

बचतीचा सर्वांत शहाणा मार्ग मात्र कंपनी बदलण्यात नाही, रिम लहान करण्यात आहे. २२५/४० आर १८, २२५/४५ आर १७ आणि २०५/५५ आर १६ या तीन मापांचे एकूण व्यास अनुक्रमे ६३७, ६३४ आणि ६३२ मिलिमीटर भरतात, म्हणजे वेगमापकात एक टक्क्याचाही फरक पडत नाही. पण टायरची भिंत ९० वरून १०१ आणि मग ११३ मिलिमीटर होते. खड्ड्याच्या कडेवर चाक आदळले की भिंत रिम आणि कड यांच्यात चेंगरते, आतील दोरे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी लिंबाएवढा फुगा बाहेर आलेला दिसतो. या फुग्याला उपाय नाही, टायर टाकूनच द्यावा लागतो. वाढीव दोन सेंटिमीटर हवा पहिल्याच पावसाळ्यात आपली किंमत वसूल करते, शिवाय लहान मापात निवड जास्त आणि भाव कमी. वळणावरचा तिखटपणा थोडा कमी होतो, आणि चाकणच्या खड्ड्यांत तो कोणाला आठवतही नाही. मात्र मोठ्या ब्रेकच्या गाडीत लहान रिम ब्रेकला घासत नाही ना, हे चाक बसवून, हाताने फिरवून पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

परदेशी टायरांची आयात जून २०२० पासून परवान्याच्या अधीन झाल्यावर विरळ मापांचे भाव चढले, तर सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने सर्वच टायर थोडे उतरले. विरळ मापात एक धोका अधिक असतो, तो जुन्या मालाचा. भिंतीवरील ‘डीओटी’ मजकुराच्या शेवटचे चार अंक, समजा २३२४, म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. मोठी सूट मिळते तेव्हा आधी हे अंक वाचावेत, कारण रबर दुकानात पडून असले तरी हवेतील ऑक्सिजनने कडक होत राहते.

पैसे दोनच टायरांचे असतील तर नवी जोडी पुढे घालण्याचा मोह होतो, कारण पुढचे टायर इंजिनाचा पीळ सोसून आधी झिजलेले असतात. भौतिकी उलट सांगते. पाण्यावर पुढची चाके तरंगली तर गाडी वळत नाही, सरळ जाते, आणि पाय सैल केला की सावरते. मागची तरंगली तर शेपूट फिरते आणि सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून नवी जोडी मागे, मागची जुनी पुढे, आणि टायरवाल्याला हे बहुधा दोनदा सांगावे लागते.