बालकांच्या उच्चारदोषांच्या मूल्यमापनाची विश्वसनीयता

बालकांच्या बोलण्यातील ध्वनी गाळले जाणे, बदलणे किंवा विकृत होणे यांस उच्चारदोष म्हणतात. ‘काका’ऐवजी ‘ताता’ किंवा ‘राम’ऐवजी ‘लाम’ असे बोबडे बोलणे लहान वयात स्वाभाविक असते. ठरावीक वयानंतरही ते टिकल्यास तपासणी करतात. तीच तपासणी दुसऱ्या दिवशी किंवा दुसऱ्या तज्ज्ञाने केल्यास निष्कर्ष कितपत तोच राहतो, यास त्या पद्धतीची विश्वसनीयता म्हणतात. वैधता ही याहून वेगळी बाब आहे. सदोष चाचणीही दर वेळी तेच चुकीचे उत्तर देऊ शकते.

मापनाच्या पद्धती

चित्रे दाखवून मुलाकडून शब्द वदवून घेणे ही सर्वाधिक रूढ पद्धत आहे. अमेरिकेतील गोल्डमन-फ्रिस्टो चाचणी याच प्रकारची आहे. मात्र सुटा शब्द नीट उच्चारणारे मूल सलग बोलताना अडखळू शकते. म्हणून लॉरेन्स श्रीबर्ग आणि जोन क्वियात्कोव्स्की यांनी १९८२ मध्ये सलग संभाषणावर आधारित ‘अचूक व्यंजनांची टक्केवारी’ हे मापन मांडले. त्यात ८५ टक्क्यांहून अधिक अचूकता सौम्य दोष, तर ५० टक्क्यांहून कमी अचूकता तीव्र दोष मानली जाते. पालकांच्या मतावर आधारलेली, सात प्रश्नांची ‘संदर्भगत सुबोधता श्रेणी’ २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली.

तज्ज्ञांमधील एकमत

या पद्धतींपैकी पहिल्या दोहोंचा पाया ऐकणाऱ्याचा कान हाच आहे. ध्वनिलेखन स्थूल असेल, म्हणजे ‘क’च्या जागी ‘त’ आला एवढेच नोंदवायचे असेल, तर प्रशिक्षित श्रोत्यांचे बहुधा जुळते. जिभेचे स्थान किंचित पुढे सरकले यांसारखे सूक्ष्म तपशील टिपताना मात्र एकमत लक्षणीय घटते. श्रीबर्ग आणि ग्रेगरी लॉफ यांच्या १९९१ च्या अभ्यासातही हा फरक दिसून आला.

एकमताची नुसती टक्केवारी फसवी ठरू शकते. समजा, दोन तज्ज्ञांनी एका मुलाची १०० व्यंजने तपासली आणि दोघांनीही ९० बरोबर, १० चूक ठरवली. त्यांपैकी ८५ व्यंजने दोघांच्याही मते बरोबर आहेत, पण चूक म्हणून दोघांचे एकमत केवळ ५ व्यंजनांवर आहे. एकमत ९० टक्के भरते आणि मुलाचे गुणही तंतोतंत जुळतात. तरीही कोणत्या ध्वनींवर उपचार करायचा याविषयी दोघे निम्म्या बाबतींत वेगळे बोलतील. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला ‘कप्पा’ गुणांक योगायोगाने होणारे एकमत वगळतो. येथे असे एकमत ८२ टक्के अपेक्षित असल्याने कप्पा सुमारे ०.४४ येतो, आणि हे मूल्य मध्यमच होय.

कानाची मर्यादा

मोठ्यांना दोन ध्वनी एकच वाटत असताना मूल त्यांत भेद करीत असते, असेही घडते. मार्लिस मॅकेन आणि डेव्हिड बार्टन यांनी १९८० मध्ये इंग्रजी शिकणाऱ्या चार बालकांच्या ध्वनिमुद्रणांचे उपकरणांद्वारे मापन करून असा ‘छुपा भेद’ दाखवला. अशा मुलाला तो फरक ठाऊकच नाही असे नोंदवणे अन्यायाचे ठरते.

मापनातील त्रुटी

सरासरी १०० व प्रमाण विचलन १५ असलेल्या चाचणीची विश्वसनीयता ०.९० असली, तरी मापनाची प्रमाण त्रुटी सुमारे ४.७ गुण असते. ८२ गुण मिळालेल्या मुलाचे खरे गुण साधारण ७३ ते ९१ यांदरम्यान कोठेही असू शकतात. उपचाराची सीमारेषा ८५ ठेवल्यास त्या एका तपासणीवरून निर्णय करणे धोक्याचे आहे.

मराठीतील प्रश्न

इंग्रजी चाचणीचे शब्दशः भाषांतर येथे चालत नाही. ट-त, ण-न, ळ-ल हे भेद, महाप्राण व्यंजने आणि ‘चमचा’ व ‘चहा’ यांतील ‘च’चे वेगळे उच्चार यांसाठी स्वतंत्र शब्दसंच लागतो. शिवाय वऱ्हाडीत ‘केळी’चे ‘केयी’ होते, आणि ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारी घरे महाराष्ट्रात असंख्य आहेत. हा बोलीभेद आहे, दोष नव्हे. प्रमाण मराठीच्या मोजपट्टीने तपासणारे दोन तज्ज्ञ एकमताने अशा मुलाला सदोष ठरवतील. तेथे विश्वसनीयता उच्च आणि निदान चुकीचे असेल. यासाठी मुलाचे पालक तोच शब्द कसा उच्चारतात, याची नोंद तपासणीपूर्वी घेणे आवश्यक ठरते.