कुत्रा घरचा, रस्ता चारचौघांचा

‘काही करत नाही हो तो, खेळतोय नुसता!’ पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये हे वाक्य रोज कानावर पडतं. बोलणाऱ्याचा कुत्रा त्या वेळी दहा हात पुढे गेलेला असतो आणि समोरच्या आजी भाजीची पिशवी छातीशी धरून भिंतीला चिकटलेल्या असतात. कुत्रा खरोखरच काही करणार नसतो, हेही बहुतेकदा खरं. पण आजींनी ते ओळखायचं कशावरून? कुत्रा पाळणाऱ्याची निम्मी जबाबदारी कुत्रा न पाळणाऱ्यांविषयीची असते, असं माझं स्पष्ट मत आहे आणि आपण नेमके तिथेच कमी पडतो.

याचं एक कारण आपल्या जुन्या सवयीत आहे. मळ्यातला किंवा धनगराच्या कळपाबरोबरचा कुत्रा बिनपट्ट्याचा असे. शिळी भाकरी खायची, राखण करायची, बाकी दिवसभर हुंदडायचं. त्याला मुद्दाम ‘फिरायला’ नेतो म्हटलं असतं, तर गाव हसलं असतं. तेच जनावर वन-बीएचकेमध्ये राहायला आलं आणि त्याचं हिंडणं, भुंकणं, शी-शू सगळं आपल्या वेळापत्रकात येऊन बसलं. बाल्कनीत बांधून ठेवून हा प्रश्न सुटत नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा आहे. त्याच्या कलम ११नुसार कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं हिंडवून न आणणं हासुद्धा गुन्हा आहे. इतक्या वर्षांत हे किती मालकांच्या कानावर गेलं असेल, देव जाणे.

फिरवण्याची सुरुवात घराच्या दारातून होते. लिफ्टमध्ये आधीच कुणी असेल तर ‘येऊ का?’ विचारावं, समोरचा कचरला तर पुढच्या फेरीची वाट पाहावी. आत गेल्यावर कुत्रा कोपऱ्यात, आपण मध्ये. पट्टा पाच-सहा फुटांचा, साधा, न ताणणारा असावा. बटण दाबलं की लांब होणारी दोरी दुकानात फार ऐटबाज दिसते, पण रिक्षा अंगावर आली की त्या पंधरा फुटांचं काय करायचं हे कुणालाच सुचत नाही. शिवाय ती बारीक दोरी पोटरीवर घासली की चांगली कापते. आणि पट्टा हातात असताना मोबाइल खिशात हवा. रस्त्यावर पडलेलं चिकनचं हाडूक आपल्या आधी कुत्र्याला दिसतं. शिजवलेलं हाड चावताना फुटून त्याचे अणकुचीदार तुकडे होतात आणि ते घशात, आतड्यात रुततात.

आपल्या रस्त्यांवरचा खरा पेच मोकाट कुत्र्यांच्या टोळीचा. त्यांची हद्द ठरलेली असते आणि आपला पट्टेवाला त्यांच्या लेखी परगावचा पाहुणा. अशा वेळी मालक घाबरून पट्टा आवळतो, ती घबराट पट्ट्यावाटे कुत्र्यापर्यंत पोचते आणि मग भुंकाभुंक सुरू होते. लांबूनच टोळी दिसली की रस्ता ओलांडावा, पट्टा सैल ठेवावा, पळू नये. शेपटी हलते म्हणजे कुत्रा खूश, हा समजही अर्धवट आहे. अंग सैल, कंबरेपासून सगळं डुलतंय, पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर केलाय, तर ते खेळायचं आमंत्रण. शेपटी ताठ उभी आणि फक्त टोक थरथरतंय, तोंड मिटलेलं, नजर रोखलेली, तर शांतपणे वळावं. दुसरा पाळीव कुत्रा समोरून आला, तरी आधी त्याच्या मालकाला विचारायचं. तो आजारी असेल, म्हातारा असेल किंवा त्याला नुसतीच दुसऱ्या कुत्र्यांची चीड असेल.

महापालिकेच्या अनेक बागांच्या दारावर ‘कुत्र्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी असते. पाटी असेल तर आत नेऊ नये, त्यावर वाद घालू नये. काही शहरांत आता कुत्र्यांसाठी वेगळ्या बागा आणि कुंपणाची मैदानं झाली आहेत. लशी पूर्ण न झालेलं पिल्लू आणि माजावर आलेली मादी तिथे न्यायची नाही. आवडता चेंडू आणि खाऊ घरी ठेवायचा, कारण एरवी साधूसारखे वागणारे कुत्रे चेंडूवरून हमखास भांडतात. मोकळ्या कुत्र्यांच्या घोळक्यात एकाच्याच गळ्यात पट्टा ठेवला, तर त्याला पळता येत नाही आणि तोच आधी दात दाखवतो. म्हणून फाटकाच्या आत येऊन, जरा थांबून, पट्टा काढावा.

शी उचलण्याविषयी मात्र मला सभ्य भाषेत लिहिणं कठीण जातं. ‘माती आहे, खत होईल’ हे उत्तर मी चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांकडून ऐकलं आहे. कुत्र्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी मातीत जातात आणि त्याच मातीत लहान मुलं खेळतात. पार्व्होचा विषाणू तर जमिनीत कित्येक महिने तग धरतो, तिथून जाणाऱ्या एखाद्या पिल्लाचा जीव घेतो. पिशवी हातमोज्यासारखी घालायची, उचलायचं, पिशवी उलटी करून गाठ मारायची. पाच सेकंदांचं काम. तेवढंच पुरे नाही. गाठ मारलेली पिशवी झाडाच्या फांदीला टांगून जाणारे महाभागही आहेत. ती कचऱ्याच्या डब्यातच गेली पाहिजे.

आता घरातलं. आंघोळ हा आपल्याकडे शुद्धतेचा विषय, त्यामुळे कुत्र्यालाही दर रविवारी फेस. त्याची फार गरज नसते. महिन्याकाठी एक आंघोळ बहुतेकांना पुरते, तीही कुत्र्याच्या शाम्पूने, कारण माणसाची त्वचा आम्लधर्मी आणि कुत्र्याची त्यामानाने उदासीन. रोजचा ब्रश जास्त मोलाचा. हस्की, जर्मन शेफर्ड अशा दुहेरी केसांच्या कुत्र्यांचं उन्हाळ्यात मुंडण करू नये. तो थर उन्हापासूनही बचाव करतो. (नागपूरच्या मे महिन्यात हस्की का पाळावा, हा प्रश्न वेगळा.) नखं फरशीवर टकटक वाजायला लागली की वाढली समजावं. पांढऱ्या नखात गुलाबी शीर दिसते, काळ्यात दिसत नाही, म्हणून तिथे कापायचं ते अगदी टोकाला, थोडंथोडं.

पावसाळ्यात सगळ्यात मोठं काम गोचिडांचं. रोज संध्याकाळी दहा मिनिटं बोटांनी चाचपायचं: कानाच्या आत, कानामागे, पट्ट्याखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यात. रक्त पिऊन टम्म फुगलेली राखाडी मादी मुगाच्या दाण्यासारखी हाताला लागते. ती चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल ओतायचं नाही, काडी पेटवून लावायची नाही, नखाने चिरडायची तर मुळीच नाही. खरी मेख पुढे आहे. पोट भरलेली मादी आपणहून गळून पडते आणि भिंतीच्या भेगेत, कपाटामागे हजारांवर अंडी घालते. म्हणजे कुत्र्यावर औषध घालून भागत नाही, घरही झाडूनपुसून घ्यावं लागतं. गोचिडांमुळे अर्लिकिया, बॅबेसिया असे रक्ताचे आजार होतात. कुत्रा जेवत नाही, अंग तापलंय, हिरड्या पांढुरक्या पडल्यात किंवा लघवी कॉफीच्या रंगाची होतेय, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. घरात मांजर असेल तर आणखी एक काळजी: परमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध मांजराला विषारी असतं.

लशींचं वेळापत्रक डॉक्टर आखून देतातच: सहा-आठ आठवड्यांपासून पिल्लाच्या लशी, तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची, मग वर्षाला बूस्टर. मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून चालणाऱ्या कुत्र्याला लेप्टोस्पायरोसिसचीही लस हवी. सोसायटीच्या कटकटीबद्दल सांगायचं, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५मध्येच स्पष्ट केलं आहे की सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पण भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ही वाचावं. जनावराच्या बाबतीत हलगर्जीपणा करून माणसाला धोका होऊ दिला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

लॅब्रॅडॉर असलेल्या घरांना खाण्याबद्दल विशेष सांगायला हवं. २०१६मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना सुमारे पाव लॅब्रॅडॉरमध्ये एका जनुकात बिघाड आढळला, जो पोट भरल्याची जाणीव बोथट करतो. त्यामुळे दिवाळीत ताटाशी बसून तो जी करुण नजर लावेल, तिच्यावर विश्वास ठेवू नये. चिवड्यातले बेदाणे मूत्रपिंडाला घातक, भेट आलेलं चॉकलेट हृदयाला आणि मेंदूला घातक, कांदा-लसणाने रक्तपेशी फुटतात. फराळाचा डबा उंचावर.

आणि फटाके. माणसाला २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंत. त्यामुळे अंधार पडायच्या आत फिरवून आणावं, एका आतल्या खोलीत खिडक्या-पडदे बंद करून पंखा आणि टीव्ही चालू ठेवावा, तो पलंगाखाली शिरला तर शिरू द्यावं. फार घाबरणाऱ्यासाठी गोळ्या मिळतात. त्या वसुबारसेच्या आधी डॉक्टरांना विचारून आणाव्यात, माणसांच्या झोपेच्या गोळ्यांवर प्रयोग नकोत. सुतळी बॉम्बच्या धक्क्याने पट्टा तोडून पळालेले कुत्रे दर दिवाळीत हरवतात. गळ्यातल्या बिल्ल्यावर फोन नंबर कोरलेला असावा आणि तो बंद पडलेल्या सिमचा नसावा. पाडव्याच्या सकाळी रस्त्यावर फुलबाज्यांच्या तारा आणि न फुटलेली दारू पसरलेली असते. घरी आल्यावर पंजे धुऊन, बेचक्या बघून मगच त्याला गादीवर चढू द्यावं.